कंडेन्स्ड फॉन्ट नुसता तिरका केला की इटॅलिक होतो का?

प्रश्न असा आहे की हाताशी एका सॅन्स-सेरिफ (टोकांना शेपट्या नसलेल्या) फॉन्टचा कंडेन्स्ड म्हणजे अरुंद रेग्युलर आणि बोल्ड आहे, इटॅलिक दिलेलाच नाहीये, तर सॉफ्टवेअरमधे १२ अंशांनी तिरका करून वापरला तर काय बिघडतं, आणि मुळात असा अरुंद-तिरका फॉन्ट वापरायचा कुठे. पहिल्या भागाचं छोटं उत्तर: मोठ्या साइझमधे, सगळी कॅपिटल्स, चार-पाच शब्द एवढंच असेल तर खुशाल करा, फारसं कोणाच्या लक्षातही येणार नाही. स्मॉल लेटर्स आणि आकडे आले की मात्र नका करू. का ते जरा लांबण लावून सांगतो, कारण ते एकदा कळलं की दुसरा भाग बराचसा आपोआप सुटतो.

आधी एक प्रयोग करा. कुठल्याही कंडेन्स्ड सॅन्समधे एन, यू, ओ, सी, ई ही स्मॉल लेटर्स मोठी करून प्रिंट घ्या आणि त्यांच्या वरच्या आणि खालच्या भागावर कागदाच्या पट्ट्या ठेवा, मधला भागच दिसू द्या. काय दिसतं? काठ्या. सगळीकडे उभ्या काठ्या. सीला एक काठी कमी आणि ईच्या मधे एक आडवी, बाकी काही फरक नाही. रुंद फॉन्टमधे ओ बाजूनेही गोल असतो त्यामुळे तो मधूनही ओळखू येतो, अरुंद फॉन्टमधे जागा वाचवायला बाजू सरळ केलेल्या असतात आणि अक्षराची सगळी ओळख वरच्या आणि खालच्या वळणांत जाऊन बसते.

आता तिरकं करणं म्हणजे गणिताने काय होतं ते बघा. प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या प्रमाणात उजवीकडे सरकतो. सरळ उभी काठी तिरकी होते, जाडी काटकोनात मोजली तर १२ अंशांना जेमतेम २ टक्के कमी होते, म्हणजे ९० युनिटची (युनिट म्हणजे फॉन्ट काढतानाचं माप) काठी ८८ ची, हे डोळ्याला कळतही नाही. पण वळणांचं तसं नाही. ओचा वरचा उजवा आणि खालचा डावा कोपरा जाड होतो आणि टोकदार होतो, वरचा डावा आणि खालचा उजवा बारीक होतो आणि सपाट पडतो. म्हणजे जिथे काही बिघडलं तरी चाललं असतं तिथे, काठ्यांमधे, काही बिघडत नाही, आणि अरुंद अक्षराची सगळी ओळख जिथे आहे नेमकं तिथेच बिघडतं. कंडेन्स्ड इटॅलिकची खरी अडचण ही एवढीच आहे, बाकीच्या सगळ्या तक्रारी हिच्याच पोटातून निघतात.

तिरप्या रेषांचंही तेच. डावीकडून वरून उजवीकडे खाली येणारी रेष जाड आणि आखूड होते, उलट दिशेची बारीक आणि लांब होते. कॅपिटल एचा म्हणजे पहिल्या अक्षराचा उजवा पाय जाड, डावा बारीक. व्हीचा डावा हात जाड. सगळ्यात जास्त मार खातो तो एस, कारण त्याचा मधला कणा नेमका त्या जाड होणाऱ्या दिशेने जातो, बोल्डमधे तर एस मधोमध गुठळी झाल्यासारखा दिसतो. आणि आठचा आकडा म्हणजे दोन ओ आणि एक एस एकावर एक, तो किती बिचारा असतो विचारू नका.

मी पहिल्यांदा कंडेन्स्ड इटॅलिक केला तो एका दुपारीत उरकला होता, सगळे ग्लिफ (अक्षरांचे आकार) सिलेक्ट केले, १२ अंश, झालं. ज्यांच्या हाताखाली होतो त्यांनी प्रिंट घेतली, उलटी करून उजेडाकडे धरली आणि मला मागच्या बाजूने बघायला सांगितलं. अक्षरं डावीकडे झुकलेली दिसली आणि प्रत्येक ओ वेगवेगळ्या बाजूला कलंडल्यासारखा, एन बरे, ओ पडतायत, एस पोट सुटल्यासारखा. पुढून बघताना डोळा सवयीने सगळं माफ करतो, आरशातल्यासारखं बघितलं की माफी बंद. ही युक्ती अजून वापरतो, स्क्रीनवर आडवं फ्लिप केलं तरी चालतं.

मग दुरुस्ती कशी करायची. गोल अक्षरांना सगळेच्या सगळे १२ अंश शिअर (वर सांगितलेलं उंचीच्या प्रमाणात सरकवणं) द्यायचे नाहीत. थोडं फिरवायचं, ३ ते ५ अंश, आणि उरलेलं शिअर करायचं, मग उंची परत जागेवर आणायची. फिरवल्याने जाडी बदलत नाही, त्यामुळे कोपऱ्यांचं बिघडणं कमी होतं. तरी हाताने काम उरतंच: वरचा उजवा कोपरा आतून थोडा खरवडायचा, वरच्या डाव्याला थोडं मांस द्यायचं. तिरकं केल्यावर कर्व्हचे एक्स्ट्रीम पॉइंट (वळणाचे सगळ्यात वरचे, खालचे, बाजूचे बिंदू) जागेवरून हललेले असतात, ते नव्याने घालायचे आणि हँडल सरळ करायचे, नाहीतर पुढे इंटरपोलेशनला (दोन जाडींच्या मधली जाडी सॉफ्टवेअरने काढताना) गाठी पडतात. एन, एम, एच, यू यांच्यात कमान काठीला जिथे मिळते ती खाच जरा खोल घ्यावी लागते, छोट्या साइझला तिथेच शाई भरते किंवा पिक्सल बुजतात.

कोन किती ठेवायचा यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत, माझं मत सांगतो. १००० युनिटच्या चौकटीत कॅपिटलची उंची ७०० धरली तर १२ अंशांना वरचं टोक जवळपास १४९ युनिट सरकतं. ६०० रुंदीच्या अक्षराला ते पाव रुंदीएवढं, ३०० रुंदीच्या अक्षराला अर्ध्या रुंदीएवढं. कोन तोच पण अरुंद अक्षर जास्त कललेलं वाटतं, पडेल की काय असं. म्हणून मी कंडेन्स्डला ८ ते १० अंशांत राहतो. त्याच्या खाली, ५-६ अंशांवर गेलं तर शेजारच्या सरळ अक्षरापासून वेगळेपण कळत नाही, मग केलंच कशाला. उलट बाजूही आहे, एकाच फॅमिलीतल्या रुंद आणि अरुंद इटॅलिकचा कोन वेगळा असला तर दोन्ही एकाच ओळीत आले की रेषा समांतर राहत नाहीत आणि ते टोचतं, म्हणून बरेच डिझायनर सगळीकडे एकच कोन ठेवतात. तेही चूक नाही.

कोन कमी ठेवायचा तर वेगळेपण दुसरीकडून आणावं लागतं, आणि इथे खरा इटॅलिक आणि ओब्लिक हा फरक येतो. ओब्लिक म्हणजे सरळच आकार तिरके. खरा इटॅलिक म्हणजे आकारच हाताच्या वळणाचे: स्मॉल ए एकमजली (हाताने काढतो तसा, वरची कमान नसलेला), एफला खाली शेपूट, ईचं पोट गोल. याचं मूळ १५०१ साली व्हेनिसमधे आहे, छापखानेवाल्या आल्दुस मानुतियुसने रोमन कवी व्हर्जिलच्या कविता छापल्या तेव्हा फ्रांचेस्को ग्रिफोने हा टाइप कापला, आणि गंमत म्हणजे त्यात फक्त स्मॉल लेटर्स तिरकी होती, कॅपिटल्स सरळ उभी. म्हणजे इटॅलिकची सुरुवात तिरकेपणापासून नाहीच, हस्ताक्षराच्या वळणापासून आहे. सॅन्समधे बऱ्याच जणांनी ओब्लिकवर भागवलं. एरिक गिलच्या गिल सॅन्समधे मात्र इटॅलिकला एकमजली ए आहे, आणि फ्रुटिगर या फॉन्टला १९७६ मधे नुसता ओब्लिक होता, खरा इटॅलिक फ्रुटिगर नेक्स्टमधे २००० च्या सुमारास आला.

कंडेन्स्डमधे एकमजली ए घ्यायचा की दोनमजली? दोनमजली एमधे एक्स-हाइटच्या (स्मॉल लेटर्सच्या उंचीच्या) आत तीन आडव्या रेषा बसवायच्या असतात, बोल्ड आणि अरुंद असेल तर श्वास घ्यायला जागा नाही. एकमजली घेतला की जागा मोकळी होते, पण मग ए, ओ आणि क्यू भावंडं दिसायला लागतात, वर सांगितलं तसं, मधला भाग सगळ्यांचा सारखाच. मी टेक्स्टसाठी दोनमजली आणि हेडलाइनच्या जाड वेटला (वेट म्हणजे अक्षराची जाडी) एकमजली असं करतो, किंवा एक मुख्य ठेवून दुसरा स्टायलिस्टिक सेटमधे (फॉन्टमधल्या पर्यायी आकारांत) देतो.

डिझायनर एड्रियन फ्रुटिगरने १९५७ च्या युनिव्हर्स या फॉन्ट-फॅमिलीमधे अरुंद-तिरक्याचा प्रश्न कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. त्याने नावांऐवजी आकडे दिले, पहिला आकडा वेटचा, दुसरा रुंदी आणि कलण्याचा. ५५ म्हणजे रेग्युलर, ५६ त्याचं तिरपं, ५७ कंडेन्स्ड आणि ५८ कंडेन्स्ड ओब्लिक. एकूण २१ मेंबर होते, आणि त्यातले ३९, ४९, ५९ हे जे सगळ्यात अरुंद त्यांना तिरपं भावंडच दिलेलं नाही. का दिलं नाही ते त्यालाच माहीत, पण माझ्या अनुभवाने तो निर्णय बरोबर वाटतो, एका मर्यादेपलीकडे अरुंद अक्षर तिरकं केलं की नुसतं कुंपण कललेलं दिसतं.

स्पेसिंगकडे फार लोक दुर्लक्ष करतात. सॉफ्टवेअर बेसलाइनपासून (अक्षरं ज्या रेषेवर उभी असतात तिथून) तिरकं करत असेल तर अख्खं अक्षर त्याच्या चौकटीत उजवीकडे जातं. ५०० च्या एक्स-हाइटला मध्यावर हे सरकणं १२ अंशांना ५३ युनिट होतं. रुंद फॉन्टमधे एवढं खपूनही जाईल पण कंडेन्स्डमधे एका बाजूची मोकळी जागाच कधी ३०-४० युनिट असते, म्हणजे अक्षर स्वतःच्या घरातून बाहेर पडून शेजारच्याच्या दारात! तिरक्या शब्दांची आपसात तक्रार नसते कारण सगळेच सारखे सरकलेत, पण सरळ शब्दातून तिरक्यात जाताना मोठं भोक पडतं आणि परत येताना टक्कर होते. म्हणून अर्ध्या एक्स-हाइटवरून तिरकं करायचं. मग एफच्या पुढे कंस, एफ-एल, टीच्या पुढे अवतरणचिन्ह या जोड्या हाताने बघायच्या. अ‍ॅक्सेंटचे अँकरही (अक्षरावरच्या खुणा बसवायचे बिंदू) कोनाप्रमाणे सरकवायचे, आणि मग डोळ्याने परत थोडे हलवायचे, गणिताने आलेली जागा बहुतेक वेळा जरा जास्तच उजवीकडे वाटते.

अजून एक छोटी गोष्ट जी हमखास राहते ती म्हणजे स्लॅश. इटॅलिकमधे स्मॉल एल, कॅपिटल आय, एकचा आकडा आणि स्लॅश हे सगळे तिरपे दांडके. स्लॅश बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त कलता हवा, बेसलाइनच्या खाली आणि कॅपिटलच्या वर जाणारा हवा, नाहीतर तारीख लिहिली की वाचणारा आकडे मोजत बसतो. टक्क्याच्या चिन्हातली रेघही तशीच.

आणि हो, रेग्युलर फॉन्ट आधी आडवा दाबून कंडेन्स्ड करायचा आणि मग तिरका करायचा, असं करणारेही बघितलेत. ९० ची उभी काठी ७० टक्क्यांवर ६३ होते, आडवी रेष होती तेवढीच राहते, समजा ८०. म्हणजे आडवं जाड, उभं बारीक, सगळा तोल उलटा. त्यावर पुन्हा तिरकेपणा. नका करू. शिवाय विकतच्या फॉन्टच्या लायसन्समधे अनेकदा फाइलमधे बदल करायला मनाई असते ते आधी वाचा. ओपन फॉन्ट लायसन्सवर बदल चालतो, फक्त नाव राखीव असेल तर तुमच्या आवृत्तीला दुसरं नाव द्यावं लागतं.

वेबवर तर तुम्हाला न विचारता हे होतं. इटॅलिकची फाइल लोड झाली नाही तर ब्राउझर गुपचूप सरळ फॉन्टच तिरका करून दाखवतो, साधारण १४ अंशांनी, म्हणजे अरुंद अक्षराला जरा जास्तच. फॉन्ट-सिंथेसिस (ब्राउझरला असा नकली इटॅलिक करू देणारी सोय) बंद केलं की लगेच कळतं खरी फाइल येतीये की नाही. व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलमधे रुंदी, जाडी हवी तशी बदलता येणारा) असेल, हे प्रकरण २०१६ मधे आलं, तर रुंदीचा आणि स्लँटचा (कलण्याचा) अ‍ॅक्सिस वेगवेगळा असतो, सीएसएसमधे (वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत) कंडेन्स्ड म्हणजे ७५ टक्के रुंदी, आणि स्लँटच्या अ‍ॅक्सिसला उजवीकडे झुकवायला किंमत उणे द्यायची असते, उणे १० वगैरे. अधिक १० देऊन डावीकडे पडलेली अक्षरं बघून वैतागलेले लोक मला दर वर्षी भेटतात. स्लँटचा अ‍ॅक्सिस नुसता शिअर आहे की डिझायनरने दोन टोकं वेगळी काढलीत हे प्रत्येक फॉन्टमधे तपासा, ओचा वरचा उजवा कोपरा झूम करून बघितला की उत्तर मिळतं.

कमी रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर अजून एक भानगड. तिरकी काठी पिक्सलच्या पायऱ्यांनी बनते, ५ पिक्सल वर गेल्यावर १ पिक्सल बाजूला म्हणजे ११.३ अंश, ६ वर १ म्हणजे ९.५. कोन अशा पायरीच्या जवळ असला तर काठ्या एकसारख्या दिसतात, अधेमधे असला तर एकेक काठी वेगळ्या उंचीवर तुटते. १२ पिक्सलच्या कंडेन्स्डमधे आतली पोकळीच दोन-तीन पिक्सल, त्यात हे. चांगल्या डेन्सिटीच्या स्क्रीनवर हा त्रास जवळपास संपतो, पण तुमचा वाचक कुठल्या स्क्रीनवर आहे ते तुमच्या हातात नसतं.

आता वापर. वरचं सगळं लक्षात घेतलं तर अरुंद-तिरका फॉन्ट दोन ठिकाणी शोभतो, एक तर खूप मोठा, जिथे वळणं व्यवस्थित दिसतात, नाहीतर थोडक्या मजकुरात दुसरा आवाज म्हणून.

मोठा म्हणजे खेळाचे पोस्टर, टीव्हीवरचे स्कोअर, गाड्यांवरची नावं, सेलचे बॅनर. पुढे झुकलेलं म्हणजे वेग हे आता इतकं घासून गुळगुळीत झालंय की मला स्वतःला कंटाळा येतो, पण चालतं हे खरंय. इथे कॅपिटल्स आणि जाड वेट असतात, कॅपिटलला तसाही हस्ताक्षरी अवतार नसतो, त्यामुळे साधा ओब्लिक पुरतो, फक्त एस, ओ, झेड आणि आकडे हाताने नीट करून घ्या.

दुसऱ्या आवाजाचं काम जास्त इंटरेस्टिंग आहे. नकाशात नद्या, तलाव, समुद्र यांची नावं तिरप्या अक्षरात आणि गावांची सरळ, ही जुनी रीत आहे, त्यामुळे एका नजरेत पाणी वेगळं पडतं, आणि दाटीच्या भागात अरुंद असल्याने नाव बसतं. नदीच्या वळणावर नाव टाकाल तेव्हा अक्षरांमधली जागा वाढवा, वळणाच्या एका बाजूला तिरक्या अक्षरांची डोकी एकमेकांवर आपटतात. आयर्लंडमधे रस्त्यांवरच्या फलकांवर आयरिश नाव तिरप्या अक्षरात आणि इंग्रजी नाव कॅपिटलमधे असतं, तो फॉन्ट कंडेन्स्ड नाही पण तत्त्व तेच, दोन भाषा गोंधळ न होता एका पाटीवर. शब्दकोशात नाम-क्रियापदाच्या खुणा, प्राण्या-वनस्पतींची शास्त्रीय नावं, फोटोखालच्या दोन ओळी, टेबलातल्या टिपा आणि एककं, इथेही छान. पण टेबलातले आकडे स्वतः सरळच ठेवा. छोट्या साइझला तिरक्या अरुंद ३, ६, ८, ९ यांच्या खिडक्या बुजतात आणि आकड्यातली चूक शब्दातल्या चुकीसारखी संदर्भाने सुधारता येत नाही. एका अहवालात मी टोटलची ओळ कंडेन्स्ड बोल्ड इटॅलिकमधे टाकली होती, छापून आल्यावर दोघांनी एकच आकडा वेगवेगळा वाचला. तेव्हापासून बंद.

सलग परिच्छेद, औषधाच्या सूचना, पासवर्ड, सिरीयल नंबर, धोक्याच्या पाट्या, इथे अजिबात नको. डिस्लेक्सिया असलेल्या वाचकांसाठी ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन इटॅलिक टाळायलाच सांगते, आणि अरुंद इटॅलिक म्हणजे त्याहून एक पायरी अवघड. वापरायचाच असेल छोट्यात तर लाइटऐवजी मीडियम घ्या, अर्धा पॉइंट साइझ वाढवा, ट्रॅकिंग (अक्षरांमधली जागा) १-२ टक्के सैल करा, काळ्यावर पांढरं असेल तर अजून थोडं.

देवनागरीचं विचारलं नाहीत पण विचाराल म्हणून सांगून टाकतो. तिरकं केलं की शिरोरेषा आडवीच राहते आणि काने तेवढे कलतात, त्यामुळे अक्षरं तारेवर वाळत घातल्यासारखी लोंबतात. अरुंद देवनागरीत गाठी आणि जोडाक्षरं आधीच दाटलेली असतात. तेको, खंड यांसारख्या अरुंद देवनागरी फॉन्टना इटॅलिक नाहीये आणि त्यावाचून काही अडलेलं नाही, कारण देवनागरीत जोर द्यायला वेट बदलतात. आपलं भरभर लिहायचं वळण मोडी लिपीत गेलं, ते देवनागरी छपाईचं जोडीदार झालंच नाही. तेव्हा लॅटिन कंडेन्स्ड इटॅलिकच्या शेजारी देवनागरी आली तर ती सरळ ठेवा, एक वेट हलकी किंवा जड घ्या.

तुमच्या केसमधे मी स्वतः तिरकं करत बसण्याआधी बारलो कंडेन्स्ड बघेन, बारलो फॅमिलीत तीन रुंदी, नऊ वेट आणि सगळ्यांना इटॅलिक असे ५४ स्टाइल्स आहेत, किंवा रोबोटो कंडेन्स्ड, फिरा सॅन्स कंडेन्स्ड, आयबीएम प्लेक्स सॅन्स कंडेन्स्ड, सगळे मोफत, सगळ्यांना इटॅलिक. तुमच्या मजकुरातली खरी ओळ घ्या, ज्या साइझला छापणार त्याच साइझला, तीन फॉन्टमधे, त्यात ८, ३, एस, ए आणि एक तरी स्लॅश असेल असं बघा. प्रिंट उलटी करून उजेडाकडे धरा. ज्यातला ओ पडत नाही तो घ्या.